लेकीनं भोगलं, आईनं वागवलं

१६ ऑगस्ट २०२५ ला पुण्याहून बातमी आली, अभिनेत्री ज्योती चांदेकर गेल्या. पोळा तोंडावर आला होता, वर्ध्याच्या बाजारात तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी मांडले होते. शेजारच्या काकूंनी फाटकातूनच विचारलं, "पूर्णा आजी गेली म्हणतात, खरं हाय का?" 'ठरलं तर मग' या मालिकेनं ज्योतीताईंना घरोघरची आजी केलं होतं. नातवावर रागावणारी, देवघरासमोर मन मोकळं करणारी आजी. काकूंच्या डोळ्यांना पाणी होतं. घरातलं माणूस जावं तसं ते दुःख होतं, आणि ते खरं होतं.

पण आम्हा वर्धेकरांचं त्यांच्याशी नातं त्याआधीचं, सिंधुताई सपकाळांमुळे जुळलेलं. सिंधुताई आमच्या पिंपरी मेघेच्या. १४ नोव्हेंबर १९४८ ला जन्मलेली, नकोशी म्हणून 'चिंधी' झालेली पोर. कोवळ्या वयात नवरगावला दिली. तिथं शेण वेचणाऱ्या बायांच्या हक्कासाठी उभी राहिली, त्याची किंमत म्हणून भरल्या दिवसांत घराबाहेर काढली गेली. गोठ्यात बाळंत झाली, दगडानं ठेचून नाळ तोडली. पुढं हजारो अनाथांची माई झाली. ही कहाणी इकडे घराघरात सांगितली जायची. २०१० मध्ये अनंत महादेवन यांनी 'मी सिंधुताई सपकाळ' काढला, तेव्हा ती पहिल्यांदा पडद्यावर दिसली. तरुण सिंधू झाली तेजस्विनी पंडित, आणि उतारवयातल्या माई झाल्या तिच्या सख्ख्या आई, ज्योतीताई.

या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, तेजस्विनीचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. मला मात्र ज्योतीताईंच्या वाट्याला आलेलं काम जास्त अवघड वाटत आलं. तरुण सिंधूकडे प्रसंग आहेत. मार आहे, स्मशान आहे, तान्हं लेकरू आहे. म्हाताऱ्या माईंकडे आहे विमानातली एक खुर्ची आणि आठवणी. नऊवारी नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली एक बाई अमेरिकेला निघाली आहे, आणि मागं पडलेलं सगळं तिच्या अंगात मुक्कामाला आहे. ते तिला बोलून दाखवायचं नाही, नुसतं वागवायचं आहे. पडद्यावर लेकीनं जे भोगलं ते आईनं चेहऱ्यावर वागवलं. हसताना डोळ्यांच्या कडांशी जी थकलेली माया दिसते, ती पाहून वाटतं, हो, एवढं सोसून उरलेली बाई अशीच हसत असेल. आमच्याकडच्या कितीतरी माया अशाच हसतात. कापसाच्या कर्जात घर बुडालं तरी आल्यागेल्यासमोर चहाचा कप ठेवतातच.

नाटकातही त्यांचं बळ हेच होतं. डॉ. शिरीष आठवले यांच्या 'मित्र'मध्ये समोर साक्षात डॉ. श्रीराम लागू. पक्षाघात झालेला हट्टी म्हातारा आणि त्याची देखभाल करायला आलेली परिचारिका. अशा नटासमोर आवाज चढवून कुणी टिकत नाही. समोरच्याचं ऐकणारा नटच टिकतो. ज्योतीताई ऐकायच्या, अगदी मनापासून. मालिकेतही तरुण पात्रांचं वाक्य पुरं होईपर्यंत त्यांचे डोळे त्यांच्यावरच असायचे, म्हणून त्या पोरांचं वाक्यही खरं वाटायचं.

चरित्र अभिनेत्रीचं नाव पोस्टरवर शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात येतं. आयुष्यभर कुणाची तरी आई, सासू, आजी. पण प्रेक्षकांच्या मनात कथा उभी राहते ती याच बायांच्या आधारावर. आजी खरी वाटली तरच घर खरं वाटतं. ज्योतीताईंनी सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत हे काम केलं आणि काम करता करताच गेल्या.

माई ४ जानेवारी २०२२ ला गेल्या. ज्या पोरींनी त्यांना प्रत्यक्ष पाहिलं नाही, त्यांना इथून पुढं माईंचं म्हातारपण ज्योतीताईंच्याच चेहऱ्यात भेटणार आहे. माईंचं माहेर आमचं. त्यांचं आयुष्य अंगाखांद्यावर घेतलेल्या बाईलाही हा जिल्हा आपलीच लेक मानतो. ज्योतीताई, आमची माय तुम्ही नीट सांभाळलीत.