शेवटचा तास

कर्जतला पदवीच्या मुलांना समाजशास्त्र शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. परीक्षेत सगळ्यांची उत्तरं एकाच गाईडमधली. म्हणून मी मुलांना एक शंभर पानी वही घालायला सांगितली. आठवड्यातून एकदा लिहायचं : काय शिकलो, काय कळलं नाही, का कळलं नाही. आपल्याकडे याला मुहासबा म्हणतात. स्वतःचा स्वतःशी हिशेब.

वर्गात मी मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मातंग मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. म्हटलं, शिकणं म्हणजे हे. धड्यातून उठून आपल्या जगण्याला प्रश्न विचारणं.

पहिले काही आठवडे वह्यांत गाईडच उतरलं. मीही सवयीने तांबड्या शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसलो. मग शाई बदलली, चुका सोडल्या, समासात नुसता एखादा प्रश्न लिहू लागलो. हळूहळू मुलं लिहिती झाली. एका कातकरी मुलाने लिहिलं की, दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात, तेव्हा धाकट्यांसाठी चूल मीच पेटवतो. 'कुटुंब' हा धडा मला वेगळा वाटला.

आणि एका मुलीने लिहिलं, "सर, शेवटच्या तासाला मी काहीच शिकत नाही. फक्त घड्याळ बघते. खोपोलीची गाडी चुकली तर पुढची लवकर नाही. मगरिबनंतर घरी पोहोचले की अब्बा म्हणतात, पुरे झालं कॉलेज."

मी हरखून गेलो. दुसऱ्या दिवशी नाव न घेता हे वर्गात वाचून दाखवलं. त्या गाडीने जाणारी आमची मुलगी वर्गात एकच होती, हे माझ्या लक्षातही आलं नाही. मुलांच्या लक्षात आलं. चार दिवसांत गोष्ट तिच्या मोहल्ल्यात पोहोचली. "घरच्या गोष्टी कॉलेजात सांगतेस?" असं तिला विचारलं गेलं.

पुढच्या आठवड्यात तिच्या वहीत समाजीकरणाची व्याख्या होती. गाईडमधली. सुंदर अक्षरात.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या सर." माझा शेवटचा तास मी सकाळी घेतला. ती पदवी पूर्ण करून गेली. पण त्या वहीत ती पुन्हा कधीच आली नाही.

मुक्ताने आपलं लिखाण जगापुढे ठेवण्यासाठीच लिहिलं होतं. या मुलीने फक्त माझ्यासाठी. हा फरक मला कळला नव्हता. १८५६ साली सावित्रीबाई आजारपणात नायगावला होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना काळजी आहे ती फातिमाची, तिच्यावर एकटीवर कामाचा भार पडत असेल याची. शिकवणाऱ्याकडे अशी नजर हवी. दुसऱ्यावर काय ओझं पडतंय, हे बघणारी.

आता वह्या, प्रकल्प, चिंतनलेखन यांना गुण असतात. असोत. नवे शिक्षक भेटले की मी एवढंच सांगतो : मुलांना खरं लिहायला सांगण्याआधी, ते सांभाळण्याची आपली ऐपत तपासा. माझा हिशेब अजून तिथेच अडला आहे.