अनुस्वाराचा ठिपका



मंडळातल्या नव्या सुनांसाठी मी प्रतिक्रमणाचे पाठ लॅपटॉपवर टाइप करून २२ प्रती वाटल्या होत्या, हे तुम्हाला आठवत असेल. तेव्हा पडद्यावर अनुस्वार धड दिसत नसे. अक्षर मोठं केलं की ओळ बाहेर जाई, लहान केलं की ठिपका मात्रेत मिसळे.

मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, नवीनच घे." पण मी परिग्रहाची मर्यादा घेतलेली, आणि लॅपटॉप चांगला चालतो. म्हणून पडदा तेवढा बदलायचं ठरलं. पिंपळगावात तो मिळेना, तेव्हा नाशिकला गेलो.

जुना पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा, नवा १९२० गुणिले १०८०. माझ्यातली बी.कॉम. लगेच गुणाकाराला बसली. साडेदहा लाखांचे जवळजवळ २१ लाख ठिपके! पडदा मात्र तेवढाच, १५.६ इंची. म्हणजे ठिपका बारीक आणि अक्षराची कड रेखीव. दुरुस्तीवाल्याने एक गोष्ट समजावली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. नुसतं माप जुळून भागत नाही, मागची जोडणीही तीच लागते. आमची ३० पिनांची होती. पण जुन्या केबलमध्ये माहिती जायला एकच वाट होती, नव्या पडद्याला दोन लागतात. म्हणून केबलही बदलली.

घरी येऊन उघडलं तर अक्षरं आणखी लहान! सेटिंगमध्ये स्केल १०० वरून १२५ टक्के केला, मग जमलं.

पहिल्यांदा उघडले ते आपले पाठ. सात ठिकाणी अनुस्वार नव्हता. त्यातला एक ज्ञानाच्या अतिचारांच्या पाठात, 'हीणक्खरं' या शब्दावरच. अक्षर कमी वाचल्याच्या दोषाची जिथे आलोचना करतो, तिथेच मी कमी लिहिलेलं.

पडदा अंधुक होता, असं म्हणता आलं असतं. पण छापील पुस्तक शेजारीच होतं. शंका आली तेव्हा मी ते उघडलं नाही. पर्युषणाच्या आधी प्रती वाटायच्या, ही घाई माझी होती.

लाल पेन घेऊन घरोघर गेले. एक सून म्हणाली, "काकीजी, मी तर असंच पाठ केलंय." ते फार लागलं. कागदावर ठिपका द्यायला क्षण पुरतो, जिभेवरचा पाठ बदलायला दिवस लागतात. आता रोज दुपारी सामायिक झाली की आम्ही दोघी पुस्तक समोर ठेवून म्हणतो.

२२ पैकी १९ प्रती दुरुस्त झाल्या. उरलेल्या तीन कोणाकडे असतील त्यांनी स्थानकात घेऊन या.

मिच्छामि दुक्कडं.