किरणांचे खाते

चाकूरच्या मोंढ्यात चाळीस वर्षे आडत चालविलेल्या अण्णांना आकड्यांची भीती कधी वाटली नव्हती. तूर-सोयाबीनचे भाव कोसळले तरी सूर्यास्तापूर्वी जेवण, मग वही आणि मग झोप, हा क्रम मोडत नसे. तेच अण्णा एका चिठ्ठीला घाबरले. दोन महिने न हटणारा खोकला, सायंकाळची कणकण आणि उतरलेले वजन पाहून लातूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. फुफ्फुसाच्या वरच्या भागात सावली दिसली, थुंकीच्या तपासणीत मात्र काही सापडले नाही. म्हणून त्यांनी सीटी स्कॅन लिहून दिला. "ते यंत्र आता नको," एवढेच अण्णा बोलले आणि चिठ्ठी गल्ल्याच्या खणात गेली.

या नकारामागे 2021 चा उन्हाळा होता. दुसऱ्या लाटेत सोयऱ्याधायऱ्यांची विचारपूस "स्कोअर किती आला?" या प्रश्नाने सुरू होई. अण्णांचा स्कोअर पंचवीसपैकी नऊ आला. पुढे पंधरवड्यात आणखी दोन स्कॅन झाले. ते कोणा डॉक्टरांनी सांगितले नव्हते, घरच्यांच्या धास्तीने करविले होते. त्याच सुमारास, 3 मे 2021 रोजी, दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी बजावले, की एक सीटी म्हणजे छातीचे 300 ते 400 एक्स-रे. सौम्य आजारात तो करू नये. हा हिशेब जुन्या यंत्रांचा आहे, असा आक्षेप क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने घेतला. मोबाइलवर फिरत फिरत अण्णांपर्यंत मात्र एकच वाक्य पोहोचले: स्कॅनने प्रतिकारशक्ती जळून जाते.

तीन आठवडे चिठ्ठी खणातच राहिली. घरात दोन लहान नातवंडे होती आणि रात्री ती आजोबांच्याच कुशीत झोपत. शेवटी विज्ञानाची पदवी घेतलेली सून वही घेऊन समोर बसली.

"अण्णा, आधी आकडे मांडू. माती, हवा, आकाश यांतून जगातल्या प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतोच. छातीचा एक सीटी साधारण 7 चा धरा. तुमचे तिन्ही मिळून 21 झाले. शास्त्रज्ञ 100 च्या आतल्या मात्रेला अल्प मात्रा म्हणतात."

"अल्प म्हणजे निर्धोक का?"

"तसे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी, म्हणजे आपल्या शरीराचे पहारेकरी, किरणांना फार लवकर बळी पडतात. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांपैकी ज्यांना मोठी मात्रा लागली, त्यांच्यात अनेक दशकांनंतरही या पेशींत घट आणि अंगात किंचित दाह आढळला. पण अल्प मात्रेत पेशी आपली बरीचशी मोडतोड स्वतःच दुरुस्त करतात."

तिने केरळचे उदाहरण दिले. कोल्लम जिल्ह्यात करुणागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम आहे. तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या इतरांहून अधिक किरणोत्सर्गात राहतात. सुमारे 70 हजार रहिवाशांवर सरासरी दहा वर्षे लक्ष ठेवणाऱ्या पाहणीचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत या किरणांमुळे कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञही तेथील लोकांच्या लिम्फोसाइट पेशी तपासत आले आहेत.

अण्णांनी लगेच हरकत घेतली. "तिथे वर्षभर कणाकणाने मिळते, यंत्रात एकदम. रोज मूठभर घट आणि एका रात्री फुटलेले पोते, सारखे कसे?"

"नाहीच सारखे. म्हणूनच विनाकारण स्कॅन करायचा नाही. ते मागचे दोन आपण उगाच केले, ती चूक आपली. पण बुडीत खर्चाच्या रागाने आज गरजेचा खर्च अडवायचा का? ती सावली तुमची प्रतिकारशक्ती रोज खाते आहे. आणि खोकला मुलांच्या तोंडावर जातो, अण्णा."

शेवटच्या वाक्यावर अण्णा उठले आणि त्यांनी खण उघडला.

स्कॅनमुळे सावलीची नेमकी जागा कळली, दुर्बिणीने तेथला नमुना घेता आला आणि त्यात क्षयरोगाचे जंतू निघाले. सरकारी दवाखान्यातून सहा महिने मोफत औषधे मिळाली. नातवंडांची तपासणी झाली. रोग नव्हता, तरी त्यांनाही प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या. ते तीन आठवडे मात्र अण्णांच्या मनातून गेले नाहीत. नातू खोकला की ते आजही दचकतात.

बरे झाल्यावर अण्णांनी वहीत एक नवे पान उघडले: तारीख, तपासणी, कोणी सांगितली, कशासाठी. घरातील प्रत्येकाचे वेगळे खाते. कारणाचा रकाना रिकामा राहत असेल तर तपासणी होत नाही; तो भरला तर मग कोणी अडवीतही नाही. भीतीने केलेला खर्च आणि भीतीने टाळलेला खर्च, दोन्ही अखेर तोट्यातच जमा होतात, हे चाळीस वर्षांच्या व्यापारानेही जे शिकविले नव्हते, ते त्या एका चिठ्ठीने शिकविले.