खनिज आणि पाणी एकाच थरात आहे, मंडळी

परवा ग्रामसभेत खाणीचा विषय निघाला. अर्धे म्हणाले सुरू करा, अर्धे म्हणाले नकोच. मी गप्प बसलो, कारण मी दोन्हीकडचा. काकांचा ट्रक खनिजावर चालायचा, त्यावर माझं कॉलेज झालं. आणि त्याच वर्षांत आमच्या घरची विहीर एप्रिलमध्येच तळ दाखवू लागली.

तिथे बोललो नाही ते इथे लिहितो.

आपल्या डिचोली-सत्तरीच्या डोंगरांत खोलवर पट्ट्यापट्ट्यांचा कठीण दगड आहे. एक पट्टा लोहाचा, एक गारेचा. तो तसाच काढून विकणं परवडत नाही. पण लाखो वर्षं वरून पाऊस मुरत राहिला, गार हळूहळू विरघळून गेली, लोह जागेवर राहिलं. तेच आपलं खनिज. बरंचसं तर हाताने चुरडेल इतकं भुसभुशीत. त्याच्यावर जांभा, ज्याच्या चिऱ्यांनी आपली घरं उभी राहिली. म्हणजे खाणवाल्यांना हवी असते ती डोंगराची झिजलेली वरची साल. अर्धं काम पावसानेच करून ठेवलंय.

पण भुसभुशीत आहे म्हणूनच त्यात पाणीही साठतं. जांभ्याच्या भोकांतून पावसाळ्याचं पाणी आत उतरतं आणि मे महिन्यापर्यंत झरीला, विहिरीला, कुळागराला पुरतं. खाणीचा खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की पंप लावून हेच पाणी उपसतात.

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २०१८ साली ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. २०२२ च्या डिसेंबरात नवे लिलाव झाले. दरवेळी गावात चर्चा ऐकली ती लीज, रॉयल्टी आणि नोकऱ्यांची. विहिरींची कधी नाही.

काका विचारतात, "अरे, पोटाचं काय?" बरोबर आहे त्यांचं. म्हणून मी बंद करा म्हणत नाही. मागणं एवढंच, की दोन आकडे आधी कागदावर येऊ देत: खड्डा किती खोल जाणार, आणि वाड्यावरच्या विहिरींना आज किती पाणी आहे.

आमची विहीर आटली तेव्हा आधीचं माप कुणाकडेच नव्हतं. तक्रार केली तर विचारलं, पुरावा काय? नुसत्या आठवणीला पुरावा कोण म्हणणार?

येत्या रविवारी सकाळी दोर आणि टेप घेऊन निघतोय. ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांनी कळवा.