आजीच्या नावाचं गाव

जेद्दाला येऊन सहा महिने झाले, तरी माझी धाव काचेच्या थंडगार दुकानांपलीकडे गेली नव्हती. एका संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "अहो, जुनं गाव तरी दाखवा!" म्हणून आम्ही 'अल-बलद'मध्ये गेलो. अरबीत 'जद्दा' म्हणजे आजी. मानवजातीची आदिमाता हव्वा इथंच पुरलेली आहे अशी समजूत आहे. त्यावरून गावाला हे नाव पडलं म्हणतात.

गावाचा कोट १९४७ साली पाडला. मक्का दरवाजाच्या बाजूनं आत शिरलं की अलवी बाजार लागतो. पूर्वी बंदरावर उतरलेले यात्रेकरू याच वाटेनं मक्केला निघत. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजची बोट जेद्दाला येई. कोकणातल्या कितीतरी आयाबायांनी या शहरात पहिलं पाऊल टाकलं असेल! ऊद, लोबान, खजूर, मसाले... वासानंच मला घरची आठवण झाली.

मान वर केली आणि बघतच राहिले. प्रवाळाच्या दगडांची उंच घरं, भिंतींत आडव्या बसवलेल्या तुळया आणि दर्शनी बाजूला 'रोशन', म्हणजे नक्षीदार जाळीचे लाकडी सज्जे. त्यासाठी हिंदुस्थानातून सागवान येई. वारा आत यावा, बाईला रस्ता दिसावा, पण रस्त्यावरच्याला बाई दिसू नये, अशी ही युक्ती!

नसीफांचा वाडा १८८१ साली पुरा झाला. खोल्या १०६! १९२५ मध्ये राजे अब्दुलअझीझ इथं उतरले होते. दारात मात्र आपला कडुनिंब! एके काळी गावात मोठं झाड असं हेच, म्हणून वाड्याला 'झाडाचं घर' म्हणत.

पण कोट पडल्यावर सुखवस्तू कुटुंबं नव्या वस्तीत गेली. प्रवाळाचा दगड ओल शोषतो. वेळच्या वेळी गिलावा आणि डागडुजी नसली की भिंती खचतात. कितीतरी घरं अशीच कोसळली. २०१४ साली युनेस्कोनं जुन्या गावाला जागतिक वारसा ठरवलं, आता दुरुस्त्याही जोरात चालल्या आहेत. तरी एका बंद रोशनखाली माझा पाय अडखळला. सज्जा सुधारेल हो, पण तिथं संध्याकाळी बसणारी बाई कुठून आणायची?

आमचंही कोकणातलं घर चार वर्षं कुलपात आहे. परतताना मी ह्यांना म्हटलं, "यंदा रजा पावसाआधी घ्या. घर उघडू, चार दिवस चूल पेटवू." हे नुसते हसले. पण दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज गेला!