उरलेला पाऊस

जपानी चित्रकार हिरोशिगेचं १८५७ सालचं एक चित्र बरीच वर्षं माझ्या फोनचा वॉलपेपर होतं. शिन-ओहाशी पुलावर अचानक आलेली सर, आणि छत्र्यांखाली वाकून पळणारी माणसं. पाऊस त्याने ब्रशने सपासप ओढला असणार, असंच मी धरून चालले होते.

मग एकदा हौसेने लाकडी ठसा कोरायला बसले. पाचच रेघा. ठशात रेघ हवी असेल तर तिला हात लावायचा नाही, तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं. तिसरी रेघ तुटली. मग चौथी. माझं लाकूड मऊ, भुसभुशीत. तिकडे घट्ट पोताचं चेरीचं लाकूड का वापरत, हे बोट कापल्यावर कळलं.

म्हणजे तो पाऊस ओढलेला नाही, उरलेला आहे. कोरणाऱ्याने दोन सरींमधली सगळी कोरडी जागा खणून काढलीय. वरचं काळं आभाळ तर छापणाऱ्याचं: ओल्या फळीवर दर वेळी हाताने रंग विरवत न्यायचा, त्यामुळे प्रत्येक प्रतीत ते थोडं वेगळं भरून येतं. सही मात्र हिरोशिगेची.

माझ्या ठशावर तीन रेघा उरल्यात. भुरभुर म्हणून खपेल.