नाडी सांगेल तसं : विरार ते खारदुंग ला (भाग पहिला)

शनिवार, विरार

निघण्याआधीची नाडी आणि ऑक्सिजनची मोजणी घरीच, उठल्या उठल्या, चहाच्या आधी करायची असं सोबत येणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याप्रमाणे लडाखला निघालेल्या बाराही जणांनी आपापले आकडे ग्रुपवर टाकले. आगाशीच्या बाई निवृत्त शिक्षिका. त्यांची नाडी ७४, ऑक्सिमीटरवर ९८. वसई-विरारची महापौर मॅरेथॉन धावणारा विरार पश्चिमेचा तरुण, त्याची नाडी ५२. रोज धावणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. ऑक्सिमीटरवर मात्र त्याचाही आकडा ९८ च.

हे बोटाला लावायचं यंत्र वसई-विरारच्या घराघरांत आलं ते करोनात. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर रात्ररात्र त्या लाल आकड्याकडे बघत बसलेली घरं इथे गल्लोगल्ली होती. रक्तातून जाणाऱ्या प्रकाशावरून ऑक्सिजन ओळखण्याची ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांना १९७४ च्या सुमारास सुचली. आपल्याकडे तिची ओळख झाली ती मात्र धास्तीतून. आकडा नव्वदीच्या खाली गेला म्हणजे बेड शोधा, सिलिंडर शोधा. ती धास्ती अजून अंगातून गेलेली नाही.

म्हणून डॉक्टरांनी निघण्याआधीच सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. लेहला उतरल्यावर धडधाकट माणसाचा आकडाही नव्वदीच्या खाली जाऊ शकतो. करोनात फुप्फुसं आजारी पडत होती, हवेतला ऑक्सिजन रक्तापर्यंत पोचत नव्हता. लेहला फुप्फुसं ठणठणीत असतात, पण हवाच विरळ असते. आकडा तोच दिसला तरी दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा. बाईंनी वहीत नोंद केली आणि विचारलं, “मग घाबरायचं कधी, ते सांगा.” हा प्रश्न पुढचे सगळे दिवस सोबत राहिला.

रविवार, लेह

दिल्लीमार्गे आलेलं विमान सकाळी लेहला उतरलं. विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंच आणि गाव आणखी वर, साधारण ३,५०० मीटरवर. आदल्या दिवशी हीच माणसं अर्नाळ्याच्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होती.

लेहच्या हवेतही ऑक्सिजन जवळपास २१ टक्केच असतो, विरारइतकाच. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रकाठी तो पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका, तर लेहला सुमारे ५००. दाब उतरला की एका श्वासात छातीत येणारा ऑक्सिजनही त्याच प्रमाणात घटतो.

शरीराला हे लगेच कळतं. मानेत दोन्ही बाजूंना, मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी जिथे दुभंगते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा एक पेशीपुंज असतो. रक्तातला ऑक्सिजन उतरला की तो मेंदूला खबर देतो. श्वास खोल आणि जलद होतो, अ‍ॅड्रेनलीनच्या कुळातली संप्रेरकं वाढतात, आणि एरवी हृदयाला लगाम घालणाऱ्या व्हेगस या चेतातंतूची पकड ढिली पडते. ठोके वाढतात. प्रत्येक फेरीत रक्त कमी ऑक्सिजन नेत असेल, तर फेऱ्या वाढवायच्या, असा हा साधा हिशेब.

दुपारी धावपटू नुसता गादीवर पडून होता तरी नाडी ७८. ऑक्सिमीटर ८७. बाईंची नाडी ९०, ऑक्सिमीटर ८८. तरुण थोडा खट्टू झाला. इतक्या वर्षांचा सराव, आणि बाईंपेक्षा आकडा कमी! पण विरळ हवा व्यायामाचा हिशेब बघत नाही. समुद्रकाठी कमावलेला दमसास उंचीच्या आजारापासून वाचवत नाही, हे गिर्यारोहणाच्या वैद्यकात पक्कं ठरलेलं आहे. उलट धडधाकट माणसं घाई करतात आणि अडकतात.

रविवार, रात्र

सगळ्यात मोठी घबराट या रात्री झाली. धावपटूच्या बायकोने डॉक्टरांचं दार वाजवलं. “डॉक्टरकाका, जरा येता का? ह्याचा श्वास मधेच थांबतोय.”

डॉक्टर आले आणि घड्याळ लावून पलंगाशेजारी बसले. तरुण गाढ झोपेत. तीन-चार खोल श्वास, मग श्वास उथळ होत होत पार थांबलेला, दहा-बारा सेकंद काहीच नाही, आणि मग एकदम मोठा उसासा. बोटाला यंत्र लावलं तर नाडीही त्याच लयीत हलत होती. श्वास थांबला की मंदावायची, उसासा आला की धावायची. अर्नाळ्याची भरती-ओहोटी कोणी मिनिटाभरात बसवावी, तसं रात्रभर चाललेलं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. ऑक्सिजन कमी म्हणून माणूस जोरात श्वास घेतो. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. झोपेत श्वासाची मुख्य आज्ञा कार्बन डायऑक्साइडच्या पातळीवरूनच सुटते, म्हणून ती पातळी उतरली की मेंदू श्वास थांबवतो. तेवढ्यात ऑक्सिजन आणखी घसरतो, मानेतला तो दाणा पुन्हा हाकाटी करतो, आणि चक्र नव्याने सुरू होतं. इटलीचे शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माँते रोझा डोंगरावर झोपलेल्या माणसांमध्ये हे श्वासाचे हेलकावे नोंदवून ठेवले होते. निरोगी माणसांत हे सर्रास घडतं. झोप मोडते, सकाळी डोकं जड होतं, पण यात हृदय बिघडलेलं नसतं.

बायकोला हे सगळं रात्री एक वाजता पटलं असेल असं नाही. डॉक्टर बराच वेळ तिथेच बसून राहिले, आणि तेच जास्त कामाला आलं.

सोमवार, लेह

विश्रांती. विमानाने येणाऱ्याने लेहला निदान ४८ तास काही करू नये, ही सूचना इथे सगळीकडे मिळते. गरम पाणी, सूप, भात, वसईची सुकेळी. दारू वर्ज्य. बाईंचं डोकं किंचित दुखत होतं, संध्याकाळी थांबलं.

या सूचनेमागे मोठी किंमत मोजलेली आहे. १९६२ च्या चीन युद्धात सखल प्रदेशातले जवान घाईघाईने हिमालयात चढवले गेले आणि कित्येक जण गोळी न लागता कोसळले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या उंचीवरच्या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. जगभरचे डॉक्टर अजून त्याचा आधार घेतात. आज भारतीय लष्कराचा जवान २,७०० मीटरच्या वर सहा दिवस, ३,६०० च्या वर आणखी चार आणि ४,५०० च्या वर पुन्हा चार दिवस अंग रुळवतो, मगच कामाला लागतो. पर्यटक हेच सगळं शनिवार-रविवार जोडून आटपायला बघतो.

मंगळवार, शांती स्तूप

सकाळची नाडी खाली आलेली. धावपटू ६८, बाई ८२. ऑक्सिमीटर दोघांचाही नव्वदीच्या वर. शरीर रुळतंय याची ही खूण. एका आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने चाललाय, हे बघायचं असतं.

लेहच्या शांती स्तूपाच्या पायऱ्या बाई सावकाश चढत होत्या. विरारच्या जीवदानीचा डोंगर पाठीशी असलेल्या बाईंना पायऱ्यांचं अप्रूप नव्हतं, पण निम्म्यावर त्या थांबल्या. “डॉक्टर, ठोका चुकल्यासारखा वाटला. मग एक जोरात आला.”

डॉक्टरांनी मनगट धरलं. मिनिटभरात तसे आणखी दोन. हे आगंतुक ठोके. हृदयाची लय ठरवणारी गाठ संदेश देण्याआधीच दुसरीकडची एखादी पेशी मधेच ठोका सोडते, त्यानंतर क्षणभर विसावा पडतो आणि पुढचा ठोका जड जाणवतो. असे ठोके विरारमध्ये, घरी बसल्यावरही निरोगी माणसांना येतात. उंचीवर संप्रेरकं वाढलेली, झोप मोडलेली, अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यामुळे काहींना ते जास्त येतात. बाई पायरीवर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि ठोके मुकाट रांगेत आले.

इथे त्यांच्या शनिवारच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. बसल्यावरही धडधड थांबत नसेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीत दुखत असेल, झोपून राहूनही दम लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, चालताना तोल जात असेल, तर ऑक्सिमीटर काहीही दाखवो, खाली उतरायचं. सकाळची वाट बघायची नाही.

बुधवार, खारदुंग ला

खिंडीत पोचायला गाडीला दोनेक तास लागले. उंची ५,३५९ मीटर. जुन्या पाट्यांवर याहून पुष्कळ मोठा आकडा असायचा. हवेचा दाब इथे सुमारे ४००, म्हणजे विरारच्या निम्म्याच्या जरा वर.

धावपटूला पताकांपर्यंत पळत जायचं होतं, फोटोपुरतं. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “अरे, हळू. इथे तुझं हृदय हवं तेवढं पळणारच नाही.” हे शब्दशः खरं आहे. उंचीवर बसल्या जागी नाडी वाढते, पण दमवणाऱ्या श्रमात ती जिथपर्यंत चढू शकते ती मर्यादा मात्र शरीर तिथे रुळत जातं तशी खाली येते. १९८५ मध्ये अमेरिकेत आठ निरोगी पुरुषांना चाळीस दिवस हवेचा दाब कमी करत जाणाऱ्या खोलीत ठेवून एव्हरेस्टची चढाई घडवली गेली. शेवटी, शिखराइतक्या दाबाला, पराकाष्ठेच्या श्रमातही त्यांची नाडी १२० च्या आसपासच अडली. ईसीजीत हृदयाच्या उजव्या बाजूवरचा ताण दिसला, कारण ऑक्सिजन कमी झाला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उजव्या कप्प्याला जोर लावावा लागतो. पण लय सुटली नाही. निरोगी हृदयाची ही ताकद थक्क करणारी आहे.

ताकद आहे म्हणून पहिल्याच दिवशी तिची परीक्षा घ्यायची नसते. ऑस्ट्रियाचे मार्टिन बुर्टशर यांनी आल्प्समधले हृदयविकाराचे आकस्मिक मृत्यू वर्षानुवर्षं अभ्यासले. त्यांना धोका सर्वांत जास्त आढळला तो पहिल्या दिवशी, सवय नसताना श्रम करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांमध्ये.

पंधरा मिनिटांत सगळे गाडीत. संध्याकाळी खिंडीपलीकडे हुंडरला, सुमारे ३,१०० मीटरवर. धावपटूचा ऑक्सिमीटर ९३.

जेवताना मात्र वाद झाला. ठरल्याप्रमाणे उद्या थेट पँगाँग सरोवर, मुक्काम ४,२०० मीटरच्या वर. एका रात्रीत झोपण्याची उंची अकराशे मीटरने वाढणार. ३,००० मीटरच्या वर ती रोज पाचशेहून जास्त वाढवू नये, हा जगभर मानला जाणारा दंडक. डॉक्टरांनी मुक्काम रद्द करून लेहला परतायचं आणि पँगाँग एका दिवसात बघून यायचं सुचवलं. तंबूंचे पैसे भरलेले होते, ते परत मिळणार नव्हते. दोघांनी जोरदार विरोध केला. बाईंनी वही उघडली, बारा जणांचे रविवारचे आकडे वाचून दाखवले आणि मत मागितलं. आठ हात लेहसाठी वर गेले.

(क्रमशः)